वर्गातला आवाज बंद करण्याआधी एक तास बसून ऐका : शाळाभेटीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी
आणि शेरेबुकात सही करण्याचा अधिकार असलेले सर्वजण

विषय : सहावी-सातवीचा चर्चेचा तास बंद करण्याची सूचना मागे घेण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून पदवीधर शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. गणित आणि विज्ञान हे माझे विषय. निवृत्तीनंतर मुख्याध्यापकांनी बोलावलं म्हणून माणदेशातल्या आमच्या गावच्या शाळेत दर शुक्रवारी दुपारी सहावी-सातवीचा एक तास घेत होते. मानधन नाही, हजेरीपटावर नाव नाही. 'घेत होते' असं लिहिते आहे, कारण गेल्या महिन्यातल्या शाळाभेटीनंतर शेरेबुकात तीन वाक्यं आली : वर्गात शिस्त आढळून आली नाही. विद्यार्थी जागा सोडून आपापसांत बोलत होते. सदर तास बंद करून संकलित चाचणीचा सराव घ्यावा. त्यापाठोपाठ बाकं पुन्हा फळ्याकडे तोंड करून ओळीत लावण्याची तोंडी सूचना आली.

शेरा कोणी लिहिला ते मी सांगणार नाही. तो एका माणसाचा प्रश्न नाहीच. माझ्या जुन्या सहकाऱ्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांच्यापैकी काहींनी आपापल्या शेरेबुकांतले असेच शेरे ऐकवले. शब्दसुद्धा तेच. ही मंडळी सेवेत आहेत, म्हणून बोलणार नाहीत. कारणे दाखवा नोटीस, बदली, गोपनीय अहवाल, यांतलं काही ना काही प्रत्येकाच्या मानेवर असतं. माझी पेन्शन सुरू झालेली आहे, तेव्हा मी बोलते.

त्या तासाला मुलं जागा सोडून बोलत होती हे खरं आहे. काय बोलत होती, ते शेऱ्यात आलेलं नाही. ते इथे लिहिते.

फळ्यावर प्रश्न होता : शाळेच्या छपरावर पडणाऱ्या पावसाचं काय करता येईल? आमच्याकडे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. उन्हाळ्यात टँकर कधी येणार याची चौकशी मुलं घरात रोज ऐकतात. त्याआधीच्या तासाला त्यांनी दोरी धरून शाळेची इमारत मोजली होती. लांबी 20 मीटर, रुंदी 6 मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होतं, हे त्यांनी आधी मान्यच केलं नाही, मग कागदावर गणित मांडून मान्य केलं. 120 चौरस मीटर गुणिले 500. साठ हजार लिटर. "म्हणजे दहा हजाराचे सहा टँकर, बाई," असं सातवीतल्या एका मुलीने सांगितलं आणि सगळा वर्ग एकदम बोलायला लागला. पाहुणे दारात उभे राहिले ते नेमके त्याच वेळी.

त्यानंतर काय झालं ते बघायला ते थांबले नाहीत. प्रत्येकाने एका चिठ्ठीवर आपल्याला सुचेल ते लिहायचं होतं, नाव न टाकता. टाकी बांधू, खड्डा खणून पाणी जिरवू, परसबागेला देऊ, पन्हळ लावू, गावच्या आडात सोडू, विकू (हो, विकू असंही एकाने लिहिलं होतं आणि तेही फळ्यावर लिहिलं गेलं). एका चिठ्ठीवर वाकड्या अक्षरांत एवढंच होतं : पयलं पाणी सोडून द्यायचं.

ती चिठ्ठी एका मेंढपाळाच्या मुलाची होती. ते कुटुंब दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतं आणि पावसाच्या तोंडावर परत येतं. म्हणजे अर्ध्याहून जास्त वर्ष हा मुलगा शाळेत नसतो आणि असतो तेव्हा शेवटच्या रांगेत असतो. प्रश्नोत्तरांच्या तासात तो तोंड उघडत नाही, कारण त्या प्रश्नांची उत्तरं पुस्तकात असतात आणि पुस्तक त्याच्या हातात वर्षातले थोडेच महिने असतं. सोडून का द्यायचं, असं वर्गाने विचारलं तेव्हा आपली चिठ्ठी आहे हे त्याने स्वतःच सांगितलं. "पत्र्यावर चिमण्यांची घाण असती, माती असती. आज्जी पहिल्या पावसाला बादली लावतच न्हाई."

छतावरचं पाणी साठवण्याची योजना करणारा कुठलाही अभियंता पहिल्या पावसाचं पाणी बाजूला काढण्याची सोय आधी करतो. ते मी वर्गाला लगेच सांगितलं नाही. तेवढ्यात सहावीतल्या एका मुलीने विचारलं, किती वेळ सोडायचं? कोणी म्हणालं एक पाऊस, कोणी म्हणालं दोन, एकजण म्हणाला पाणी निवळ दिसेपर्यंत. शेवटी असं ठरलं की पुढचा पाऊस आला की दर पाच मिनिटांनी एका बाटलीत पाणी धरायचं, बाटल्या ओळीने ठेवायच्या आणि तळाला बसलेली माती बघायची. प्रयोग कसा करायचा हे मुलांनी मला सांगितलं. बाटल्या गोळा करून झाल्या होत्या. मग तास बंद झाला.

मला नंतर विचारण्यात आलं की हे सगळं कोणत्या घटकात येतं. घटकच हवे असतील तर क्षेत्रफळ, धारकता, एककांचं रूपांतर, गाळण, निवळणं, जलसंधारण, असे मोजून देता येतील. टाचणात मी लिहिलेही होते. टाचण वही टेबलावर होती.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि मुख्य तक्रार अशी की आपण वर्ग डोळ्यांनी तपासता. हात बांधलेले, बाकं सरळ, वह्या लाल शाईने तपासलेल्या, भिंतीवर तक्ते, हे दारातून दिसतं. मुलं काय विचार करत आहेत ते दारातून दिसत नाही, त्यासाठी आत येऊन खाली बसावं लागतं. आपल्याकडे शाळा खूप आहेत, बैठका खूप आहेत, हे मला माहीत आहे. पण मग ज्या तासाला बसायला वेळ नाही त्या तासावर शेरा तरी मारू नये. बरं, मुलं बोलत होती हा दोष कुठल्या नियमाने ठरतो? शिक्षणहक्क कायदा 2009 चा. त्याच्या कलम 29 मध्ये शिकवणं कसं असावं ते सांगितलं आहे. कृतीतून आणि शोधातून शिकणं त्यात आहे. मुलाला भीतीपासून मुक्त ठेवणं आणि त्याला आपलं मत मोकळेपणाने मांडायला मदत करणं हेही त्यात आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर विषयांचा मजकूर कमी करून चर्चेला आणि शोधाला जागा करून द्यावी असं म्हटलं आहे. बालभारतीची पुस्तकं उघडा. 'सांगा पाहू', 'जरा डोके चालवा', 'चर्चा करा' अशा चौकटी पानोपानी आहेत. चर्चा करा असं शासन पुस्तकात छापतं आणि चर्चा केली की शेरेबुकात शेरा येतो. शिक्षकाने यातलं कोणतं शासन खरं मानायचं?

दुसरी तक्रार याच्या अगदी उलट आहे आणि ती सांगितल्याशिवाय हे पत्र प्रामाणिक होणार नाही. काही अधिकाऱ्यांना शांत वर्ग हवा असतो, तर काहींना गटचर्चेचा फोटो हवा असतो. दुपारी बारापर्यंत ग्रुपवर टाका, असा निरोप येतो. मग मुलांना गोल बसवलं जातं, मधोमध चार्ट पेपर, चार रंगांचे स्केचपेन, एका हुशार मुलीच्या हातात पेन आणि बाकीच्यांची बोटं कागदाकडे. फोटो निघाला की चार्ट पेपर गुंडाळून कपाटावर. त्या चार्टवर काय लिहिलं होतं हे कोणी विचारत नाही आणि खरं सांगायचं तर त्यावर बहुतेक वेळा धड्यातलीच वाक्यं असतात.

हे नवं नाही. 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा शाळांची गुणवत्ता वाढवण्याचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा साताऱ्याजवळच्या कुमठे बीटातल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. तिथली मुलं स्वतः शिकत होती, एकमेकांशी बोलत होती. बघून आलेल्यांपैकी अनेकांनी घरी येऊन काय केलं, तर फरशी रंगवली. वर्तुळं, चौकोन, संख्यारेषा, बाराखडी. रंग मोजता येतो, त्याचा फोटो येतो. मुलांचं एकमेकांशी बोलणं फोटोत येत नाही, म्हणून ते पुष्कळ ठिकाणी तिथेच राहिलं. 2023-24 मध्ये पाठ्यपुस्तकांत कोरी पानं घातली गेली, मुलांनी स्वतःच्या नोंदी कराव्यात म्हणून. कल्पना चांगली होती. मी पाहिलेल्या वर्गांत त्या पानांवर फळ्यावरची प्रश्नोत्तरं उतरवलेली होती. पुढे शासनाने ती पानं काढून टाकली. पान कोरं दिल्याने मुलाला काही सुचत नाही, सुचायला वेळ द्यावा लागतो. तो वेळ वेळापत्रकात कुठे आहे ते मला कोणी दाखवावं.

वेळेचा विषय निघालाच आहे तर तिसरी तक्रार लगेच. पायाभूत चाचणी, संकलित एक, संकलित दोन, त्यांचे गुण ऑनलाइन भरणं, शिष्यवृत्तीचे सराव पेपर, वेगवेगळे सप्ताह आणि पंधरवडे, आणि प्रत्येकाची लिंक. शनिवार आनंददायी असावा असं कागदावर आहे. त्या शनिवारी मागे पडलेली माहिती भरली जाते. चाचण्या नकोत असं मी म्हणत नाही. मूल कुठे अडलं आहे ते कळायला चाचणी लागतेच. पण चाचणीचा सराव हाच मुख्य विषय झाला की ज्या प्रश्नाला एकच उत्तर नाही असा प्रश्न वर्गात येईनासा होतो. आणि पहिली कात्री लागते ती अशाच तासाला, कारण त्याचे गुण कुठेच भरायचे नसतात.

चौथी तक्रार प्रशिक्षणाची. मुलांना मिळून विचार करायला कसं शिकवायचं, याचं प्रशिक्षण शिक्षण परिषदांत होतं असं कागदोपत्री दिसेल. अशी एक परिषद मला आठवते, तिथे गटचर्चेचं महत्त्व या विषयावर एका तज्ज्ञाने जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकट्याने भाषण केलं. शेवटी काही शंका आहेत का, असं विचारलं आणि लगेच आभार मानले.

लगेच, या शब्दावर मी मुद्दाम थांबते. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासिकेने 1970 च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचं ध्वनिमुद्रण करून पाहिलं, तर प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात असं निघालं. एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही की शिक्षक दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच सांगून टाकतात. तोच शिक्षक तीन सेकंद थांबायला लागला की उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलायला लागतात. याला ना निधी लागतो ना ॲप. पण हे सांगून येत नाही, करून घ्यावं लागतं. मी नव्या शिक्षकांना घड्याळाकडे बघायला लावून थांबायला सांगते तेव्हा तीन सेकंद त्यांना अक्षरशः असह्य होतात. वर्गात शांतता पसरली की आपलं चुकलं असं वाटतं. आणि दारात साहेब उभे असतील तर विचारूच नका.

आणखी एक गोष्ट या प्रशिक्षणांत कोणी सांगत नाही. मुलांना गोल बसवून 'सुचवा' म्हटलं की कल्पना निघतात, ही समजूत बरीचशी चुकीची आहे. एकत्र बसून कल्पना काढण्याची ही पद्धत मांडली ॲलेक्स ऑस्बर्न या अमेरिकेतल्या जाहिरात व्यावसायिकाने. 1953 च्या त्याच्या पुस्तकामुळे ती जगभर गेली. त्याचे नियम चांगले आहेत : सुरुवातीला कोणाच्याही कल्पनेवर टीका नाही, अचाट कल्पनाही चालेल, जास्तीत जास्त कल्पना येऊ द्या, दुसऱ्याच्या कल्पनेत भर घाला. पण 1958 मध्ये येल विद्यापीठात हे तपासून पाहिलं गेलं, तेव्हा चौघांनी एकत्र बसून जेवढ्या कल्पना काढल्या त्याच्या जवळपास दुप्पट कल्पना वेगवेगळं बसून काम केलेल्या चौघांच्या मिळून भरल्या. 1987 मध्ये डील आणि श्ट्रोबे या दोन मानसशास्त्रज्ञांनी याचं मोठं कारण शोधलं. गटात एका वेळी एकच जण बोलू शकतो. बाकीचे वाट बघतात, आणि वाट बघता बघता त्यांचं सुचलेलं विरून जातं.

आमच्या वर्गात तर त्यात आणखी भर असते. जो मोठ्याने बोलतो तो, ज्याच्या घरी स्मार्टफोन आहे तो, सरपंचाच्या घरचा तो, गटप्रमुख केलेली ती. मुलगे बोलतात, मुली लिहून घेतात. प्रमाण भाषा येणारा बोलतो आणि 'पयलं' म्हणणारा गप्प बसतो. म्हणून आमच्या तासाची सुरुवात चिठ्ठीने होते. पाच मिनिटं कोणी कोणाशी बोलायचं नाही, त्या वेळी आमचा वर्ग कुठल्याही शिस्तप्रिय वर्गापेक्षा शांत असतो. मग शेजारच्याशी जोडीत बोलायचं. एकट्याने विचार, मग जोडी, मग सगळा वर्ग, ही रीत मेरीलँडच्या फ्रँक लायमन यांनी 1981 मध्ये मांडली आणि चाळीस मुलांच्या वर्गातही ती चालते, कारण एकाच वेळी वीस मुलं बोलत असतात. हो, आवाज होतो. वीस जण एकदम बोलले तर दुसरं काय होणार? मग चौघांचा गट, मग फळा. फळ्यावर प्रत्येक चिठ्ठी येते. 'हे होणारच नाही' हे वाक्य फळा भरेपर्यंत बंद, माझ्यासकट सगळ्यांना. फळा भरला की ते उघडतं आणि मग खरं भांडण सुरू होतं : खर्च किती, कोण करणार, कधी होईल, बिघडलं तर काय. इथे गट लागतोच. पहिलं पाणी सोडायचं हे एकाला सुचलं, पण किती वेळ सोडायचं हा प्रश्न दुसरीचा होता आणि बाटल्या तिसऱ्याच्या. तिघं वेगवेगळ्या बाकांवर मान खाली घालून बसले असते तर चिठ्ठी चिठ्ठीच राहिली असती.

शेजारच्या वर्गाला त्रास होतो, असं म्हणाल. होतो, म्हणून आम्ही व्हरांड्यात बसायचो. पाऊस असला की आत. अभ्यासक्रम पूर्ण होत नाही, हा दुसरा आक्षेप. आठवड्यातला एक तास काढल्याने अभ्यासक्रम मागे पडतो असं ज्यांना वाटतं त्यांनी शाळाबाह्य कामांत गेलेले तास आधी मोजावेत आणि मग माझ्या एका तासाकडे यावं. बहुवर्ग शाळेत हे कसं जमायचं, असं तिसरं कोणी विचारतं. मला वाटतं तिथे तर हे जास्त सोपं आहे. सहावी आणि सातवी एकत्र बसतात तेव्हा लहान मुलं भाबडे प्रश्न विचारतात आणि मोठ्यांना उत्तर देताना घाम फुटतो. आमच्या वर्गात किती वेळ हा प्रश्न सहावीतूनच आला होता.

हे काही परदेशातून आणलेलं खूळ नाही, एवढं एक सांगते. लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि मुलांच्या बोलण्याला, विचारण्याला शिकवण्याच्या मधोमध जागा दिली. कोल्हापूर आमच्यापासून लांब नाही. ती खासगी प्रयोगशाळा, आमची जिल्हा परिषदेची शाळा, असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण चिठ्ठ्या कापायला जुन्या वह्यांचे कागद लागतात, तेवढे आमच्याकडे आहेत.

माझ्या मागण्या फार नाहीत. सगळ्या आपल्या अधिकारात बसतात, कशालाही वरची मंजुरी लागत नाही.

एक. शुक्रवारचा तास बंद करण्याची सूचना लेखी मागे घ्यावी. तो तास मीच घ्यावा असा माझा आग्रह नाही. शाळेतल्या शिक्षकांनी घेतला तर उत्तमच, मी मागे बसेन किंवा घरी बसेन.

दोन. सहावी ते आठवीच्या वेळापत्रकात आठवड्याला एक तास अशा मोकळ्या प्रश्नासाठी राखून ठेवावा आणि चाचणी, सराव, माहिती भरणं किंवा पाहुण्यांचं स्वागत यांसाठी तो कापू नये.

तीन. कोणत्याही तासावर शेरा लिहिण्याआधी तो तास सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहावा. निदान दोन मुलांना विचारावं, आज कशाबद्दल बोलत होता आणि तुला काय सुचलं? त्यांची उत्तरं शेऱ्यातच लिहावीत. मूल सांगू शकलं नाही तर शिक्षकाला खुशाल जाब विचारा, माझी हरकत नाही. नुसता गोंगाट आणि विचारातून आलेला आवाज यांतला फरक मुलाला विचारल्याशिवाय कळत नाही. गोंगाटाला माझा पाठिंबा नाही, हेही नोंदवून ठेवते.

चार. गटचर्चेचे फोटो मागणं बंद करावं. पुरावा हवाच असेल तर चिठ्ठ्यांचा डबा बघावा. आमच्या शाळेत तो कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे.

पाच. बाकं कशी लावायची हे शिक्षकावर सोडावं. सतरंजीवर बसणारे वर्ग या बाबतीत सुखी आहेत.

सहा. पुढच्या शिक्षण परिषदेत भाषण ठेवू नये. शिक्षकांनाच एक खरा प्रश्न द्यावा, उदाहरणार्थ केंद्रातल्या शाळांवरचं माहिती भरण्याचं काम कमी कसं करता येईल, आणि त्यांच्याकडूनच चिठ्ठी, जोडी, गट, फळा असं करून घ्यावं. अधिकाऱ्यांनीही चिठ्ठी टाकावी, नाव न लिहिता. निघालेल्या कल्पनांपैकी एक तरी महिनाभर अमलात आणावी. मला खात्री आहे की त्यातून काहीतरी कामाचं निघेल, आणि ज्याला एकदा स्वतःची चिठ्ठी फळ्यावर दिसली तो शिक्षक वर्गात गेल्यावर तेच करेल.

सात. जी मुलं वर्षातला काही काळच शाळेत असतात, मेंढपाळांची, ऊसतोड कामगारांची, वीटभट्टीवरची, त्यांच्यासाठी 'मागे पडलेला अभ्यास भरून काढणे' एवढंच धोरण असू नये. त्यांनी बाहेर पाहिलेलं, केलेलं काही वर्गाच्या कामी येतं का, हे विचारण्याची जागा ठेवावी. आमच्या वर्गातला तो मुलगा दिवाळीनंतर कळपाबरोबर जाणार आहे. संकलित चाचणीत त्याला किती गुण पडतील याचा अंदाज मलाही आहे, तुम्हालाही आहे. बाटल्यांचा प्रयोग त्याच्या हातून व्हायचा असेल तर त्याला पाऊस लागेल आणि तास लागेल. परतीचा पाऊस अजून यायचा आहे. तास आपल्या हातात आहे.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा तास पुन्हा सुरू करण्याचा ठराव झालेला आहे. समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत असं कायदा सांगतो, तेव्हा हा ठराव मुलांच्या आईवडिलांचा समजावा. त्याची प्रत आपल्या कार्यालयात दिली आहे आणि पोच माझ्याकडे आहे. सूचना कायम आहे तोवर मी शाळेत तास घ्यायला जाणार नाही. आदेश मोडायला मुलांना शिकवणं मला पटत नाही. उत्तर लेखी मिळावं आणि ते परतीच्या पावसाआधी मिळावं, एवढीच विनंती. नकार असेल तर त्याची कारणंही लिहावीत म्हणजे ती पालकांना वाचून दाखवता येतील.

आणि तास पुन्हा सुरू झाला तर एखाद्या शुक्रवारी न कळवता या. दुपारी अडीचला या, साडेतीनपर्यंत बसा. तुम्हालाही एक चिठ्ठी दिली जाईल.

कळावे,

आपली,
एक निवृत्त पदवीधर शिक्षिका

प्रत : शाळा व्यवस्थापन समिती, पालक आणि हे पत्र वाचणारे सर्व शिक्षक, सेवेतले आणि निवृत्त.